खोतांचं जोतं

बाबा, परवा वाडीवर मोजणी झाली. खोतांच्या नातवाने आपल्या वाडीचं सगळं रान विकायला काढलंय. घाटाखालच्या त्या उतारावर आता कुणाला तरी बंगले बांधायचे आहेत. निरोप आला तेव्हा मी महाडला शाळेत होते. रजा टाकून पोलादपूरला गेले आणि तिथून जीपने वर आले.

तुम्हाला आठवतं का, मी चौथीत असेन. नाचणी कापून झाली होती. पहिली कणसं सुपात घालून तुम्ही निघालात, तेव्हा आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "कुनाला देता? तितं कोन हाय?" खोत कधीच पुण्याला गेले होते. घराची लाकडंसुद्धा उतरवून नेली होती. उरलं होतं नुसतं जोतं आणि तीन पायऱ्या. "हाय," तुम्ही म्हणालात, "तुला दिसत नाय." मी तुमच्या मागून आले. तुम्ही वहाणा काढून पायरीखाली उभे. किती वेळ! मग कुणी जा म्हटल्यासारखी मान हलवलीत आणि सूप ठेवून वळलात. मला हसू फुटलं. तुम्ही मला एकदाच मारलंत, ते त्या दिवशी. "हसू नको गो. ते ध्यानात ठेवतात." दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन पाहिलं. सूप रिकामं होतं आणि पालथं घातलेलं होतं. कणसं माकडं खातात, पण सूप कोण पालथं घालतं?

पुढे मी शिकले. कुळकायद्याच्या वेळी तलाठ्याने विचारल्यावर तुम्ही "जमीन खोतांची, आमी नुसतं राबतो" असा जबाब दिलात, हे मला कळलं. मी तुम्हाला भित्रे म्हणाले. त्यानंतर दोन वर्षं मी वाडीवर आले नाही आणि आले ती तुम्हाला पोचवायलाच.

परवा भर दुपारी मोजणीदाराने विचारलं, "हे रान कसतं कोण?" सगळी वाडी उभी होती, पण कुणी तोंड उघडेना. माणसं त्याच्याकडे पाहतच नव्हती, जोत्याकडे पाहत होती. मी म्हणाले, "माझे वडील कसत होते. आता माझा भाऊ कसतो. लिहून घ्या." तेवढ्यात जोत्यावरून कुणीतरी खाकरलं. म्हातारा माणूस बोलण्याआधी घसा साफ करतो ना, तसं. मोजणीदारही दचकून वळला. "तिथे कोण बसलंय?" तिथे फक्त वाळलेलं गवत होतं, आणि वारा पडलेला. शेजारच्या काकूने माझा हात धरला. "बास गो बाय. त्यांनी आयकलं."

"आयकू दे," मी म्हणाले, आणि जबाबावर सही केली. मग काकूने पुढे होऊन अंगठा दिला. तिच्यामागून एकेक करत सगळी वाडी आली. विक्री सध्या थांबली आहे. तहसीलला सुनावणी लागेल.

हे पत्र कुठे टाकणार? दप्तरातच राहील. वाडीवर आता सगळे म्हणतात, मास्तरीणबाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, केवढा धीर! त्यांना मी काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. सही करताना माझ्या मानेवर कुणाचा तरी श्वास लागत होता. म्हणून वळले नाही.