नऊ वर्षांच्या मुलीने मागितलेल्या सह्या

मी, लोरीन ॲडा व्हिटकॉम, वय सव्वीस, अविवाहित, काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयात कारकून, राहणार पोर्ट ऑल्डन, ओहायो, शियावोन लाँड्रीच्या वरची खोली, हे मृत्युपत्र शुद्धीत राहून आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःहून लिहीत आहे. येत्या बारा तारखेला माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणतात. मला काळजी करायला कारण लागत नाही.

सर्व मजकूर माझ्या हातचा आहे. अक्षर गोल, मोठे आणि लहान मुलीचे वाटेल. तेवढ्यावरून कोणी या कागदाला खोटा म्हणू नये. मला दुसरे अक्षर येत नाही, आणि का येत नाही ते खाली लिहिले आहे.

कलम एक. माझ्या मागे सर्व व्यवस्था माझ्या कार्यालयातल्या ॲग्नेस प्रुइट यांनी पाहावी. त्यांना विचारले आहे. आधी त्या म्हणाल्या, अगं, असलं काही बोलू नये. मग म्हणाल्या, यादी नीट करून दे म्हणजे झालं.

कलम दोन. पतपेढीतली माझी शिल्लक प्रथम दफनाला आणि नंतर कलम पाचमधल्या टपालाला वापरावी. उरेल ते ॲग्नेस यांचे. सायकल रीटा शियावोन यांना द्यावी. त्यांनी मागितलेली नाही, पण जिन्याखाली तिच्याकडे बघताना मी त्यांना पाहिले आहे.

कलम तीन. वडिलांचे लिहायचे टेबल माझा भाऊ डेल याला द्यावे. वडील, एमेट व्हिटकॉम, या जानेवारीत वारले. घर त्यांनी डेलला दिले आणि मला हे टेबल व कार्डे दिली. टेबलाच्या उजव्या कडेला माझ्या कोपराने रंग गेलेला आहे. डेलला शाळेत घातले होते. मला घरी ठेवले, कारण माझे अक्षर चांगले होते. आता टेबलाशी त्याने बसावे.

कलम चार. कार्डांविषयी. इथे जरा लांबण लागेल.

आमच्या गावाचा बेसबॉलचा संघ, स्टीमर्स, वडील पंधरा वर्षांचे असताना दुसऱ्या शहरात गेला. वडिलांनी ते मनावर घेतले. स्टीमर्सकडून खेळलेल्या प्रत्येक खेळाडूचे, पुढे फोटो आणि मागे माहिती छापलेले प्रत्येक कार्ड, त्याच्या सहीसह, असा दोनशे चौदा कार्डांचा संच पुरा करायचे त्यांनी ठरवले. मी वाचायला शिकले ती कार्डांच्या मागच्या बाजूवरून. दशांश अपूर्णांक फलंदाजीच्या सरासरीवरून शिकले आणि देशाचा भूगोल म्हाताऱ्या खेळाडूंच्या पत्त्यांवरून. लेखन म्हणजे त्यांना पत्रे. पत्रासोबत कार्ड आणि तिकीट लावलेले परतीचे पाकीट घालायचे. वडील लिहीत तेव्हा दहांतली दोन पाकिटे परत येत. एकदा त्यांनी मला लिहायला लावले. "मी लोरीन, नऊ वर्षांची आहे, घरीच शिकते, आणि तुम्ही माझ्या बाबांचे आवडते खेळाडू आहात." त्या वेळी यातले सगळे खरे होते. दहांतली नऊ पाकिटे परत आली.

तीन मार्च २००० रोजी मी दहा वर्षांची झाले. त्या दिवशी मी पत्रात दहा लिहिले. वडिलांनी कागद फाडला आणि न रागावता म्हणाले, "नऊच राहू दे. दहाला कोण विचारतं?"

मी अठरा वर्षांची होईपर्यंत नऊचीच राहिले. अक्षर मोठ्या माणसासारखे झालेले त्यांना चालत नसे. प्रत्येक पत्रात एक चूक ठेवायची, तीही मुलांची असते तशी. लोक प्रेमाने उत्तरे देत. कोणी डॉक्टर हो म्हणे, कोणी देवाचे नाव घे म्हणे. एका गोलंदाजाच्या पत्नीने दहाव्या वाढदिवसाला म्हणून उड्या मारायची दोरी पाठवली, तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि मला चष्मा होता. ती दोरी खालच्या खणात आहे. पत्ता तिच्या मुठीला बांधला आहे. ती आधी परत करावी.

हार्लन ओबर्ग हे संघाचे कॅचर. त्यांना मी १९९९ साली, खरोखर नऊची असताना लिहिले होते, आणि सही आली होती. सहा वर्षांनी वडिलांना त्यांचे १९६४ सालचे कार्ड मिळाले. मी म्हटले, यांना आपण आधी लिहिले आहे. वडील म्हणाले की म्हातारी माणसे विसरतात. ओबर्गबाई मुलांची पत्रे बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवतात हे आम्हाला कुठून ठाऊक असणार. पाकीट आले ते मी उघडले. आत माझी दोन्ही पत्रे होती, कार्ड कोरे होते, आणि एका चिठ्ठीवर लिहिले होते, "लोरीन, सहा वर्षांपूर्वीही तू नऊच वर्षांची होतीस. हे मी सही न करता परत पाठवतो आहे. हार्लन ओबर्ग."

वडिलांनी चिठ्ठी वाचून घडी घातली आणि पुढचा पत्ता माझ्यापुढे ठेवला. मी लिहिले, मी नऊ वर्षांची आहे. या ओळीसाठी मी वडिलांना जबाबदार धरत नाही. त्या दिवशी मला सगळे कळत होते.

म्हणून संच दोनशे तेरावर थांबला. एक व्यापारी तो घ्यायला तयार आहे, पण पुरा असेल तरच. विकून निम्मे निम्मे करू असे डेल जानेवारीपासून म्हणत होता. मी नाही म्हणत होते. जूनमध्ये फोटो काढायचे म्हणून त्याने अल्बम नेला. परत आणला तेव्हा १९६४च्या ओबर्ग कार्डावर निळ्या शाईची सही होती. हार्लन हे नाव पुरे लिहिले होते. आडनाव दोन अक्षरांवर सुटून रेघ कडेला गेली होती.

डेल चार तास गाडी चालवून इंडियानाला त्यांच्या घरी गेला होता. म्हातारा ओसरीवर एकटाच बसला होता, म्हणाला. त्याने कार्ड त्यांच्या मांडीवर ठेवले आणि हातात पेन दिले.

"खूश झाला गं म्हातारा. मी काय बंदूक लावली होती?"

मी विचारले, बाई कुठे होत्या?

"बाजारात गेल्या होत्या. मी कोपऱ्यावर गाडीत थांबलो होतो, त्या निघेपर्यंत." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "लोरी, तू आठ वर्षं थापा मारल्यास आणि आता मला शिकवतेस?"

तो बोलला ते बरोबर आहे. तरीही संच विकायचा नाही.

मी ओबर्गबाईंना फोन केला. नाव सांगितले. नवऱ्याला आता माणसे ओळखू येत नाहीत, समोर येईल त्यावर तो सही करतो, विजेच्या बिलावरसुद्धा, म्हणून घरातली पेने कुलपात असतात, असे त्यांनी सांगितले. मी माफी मागितली. ती त्यांनी दिली नाही, आणि मी पुन्हा मागितली नाही.

"त्याने नाही म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "त्याला आता आठवत नाही, पण मला आठवतं. ते कार्ड मला हवंय."

मी विचारले, पहिल्या कार्डाचे काय करू? त्या म्हणाल्या, "तेव्हा तू नऊचीच होतीस ना, पोरी? मग ते तुझं."

कलम पाच. त्यावरून मी वाटणी केली आहे. तीन मार्च २००० च्या आधी आलेली अकरा कार्डे माझी. ती ॲग्नेस प्रुइट यांना द्यावीत. त्यांना बेसबॉल आवडत नाही म्हणूनच. त्यानंतरची दोनशे दोन कार्डे ज्यांनी सही केली त्यांना, ते नसतील तर त्यांच्या घरच्यांना, टपालाने परत करावीत. प्रत्येकासाठी माझे एक पत्र पाकिटात तयार आहे. त्यात माझे खरे वय आहे. ज्यांचा पत्ता लागणार नाही त्यांची कार्डे कात्रीने मधोमध कापावीत. विकू नयेत, आणि वडिलांच्या नावाने ग्रंथालयात मांडूही नयेत.

कलम सहा. हे मृत्युपत्र काल लिहायला घेतले तेव्हा १९६४चे ओबर्ग कार्ड माझ्या मृत्यूनंतर ओबर्गबाईंना पाठवावे असे लिहिले होते. ते मी खोडले आहे. खोडल्याजागी माझी सही आहे. आज सकाळी कामावर जाण्याआधी ते कार्ड मी स्वतः टपालात टाकले आणि पावती घेतली. दुपारी डेलला फोन करून सांगितले. त्याने बारा तारखेला इस्पितळात तुला कोण नेणार आहे, असे विचारले. मी सांगितले, ॲग्नेस. त्याने फोन ठेवला.

संच आता माझ्या जिवंतपणीच मोडला आहे. शस्त्रक्रियेतून उठले तर उरलेली पाकिटे रोज दहा याप्रमाणे मीच टाकीन.

ठिकाण: पोर्ट ऑल्डन, ओहायो
दिनांक: ४ ऑक्टोबर २०१६

(सही) लोरीन ॲडा व्हिटकॉम

लोरीन यांनी आम्हा दोघांच्या देखत सही केली आणि मग आम्ही त्यांच्यासमोर केली. या कागदाने आम्हाला काही मिळते का हे आम्ही वाचलेले नाही.

साक्षीदार:
१. (सही) अँसेल्मो शियावोन, लाँड्री, तळमजला
२. (सही) वेरा कोझ्लिक, टपाल कार्यालय

टीप. दुसरी साक्ष रीटा शियावोन घालणार होत्या. त्यांना सायकल मिळायची असल्याने मी ती घेतली नाही. लो. ॲ. व्हि.