सोमवारचा चहा

ती. आईस हट्टी लेकीचा नमस्कार,

“आधी जेव, मग सिद्ध कर,” असं तू मी शाळेत असताना म्हणाली होतीस आणि उघड्या भूमितीच्या पुस्तकावरच ताट ठेवलं होतंस. परवा ते आठवून मी भर गणित विभागात हसले.

इथे दर सोमवारी मी माझी सिद्धता फळ्यावर मांडते आणि बाकीचे तिच्यात चूक शोधतात. चूक सापडली की सगळ्यांचा चहा मी करायचा, नाही सापडली तर त्यांनी. वर्षभर मीच करत होते. विभागातली पहिली बाई म्हणून नव्हे हं, चुका खरंच होत्या.

या सोमवारी आमचे सगळ्यांत खडूस, म्हातारे सर फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग खडू खाली ठेवून म्हणाले, “बाई, साखर किती घालू?” चहा अगदी पाणचट होता. मी दोन कप प्याले.

आता शुक्रवारी बाहेरून येणाऱ्या गणितज्ञांसमोर हीच सिद्धता मांडायची आहे. त्या व्यासपीठावर आजवर बाई उभी राहिलेली नाही. तिथे चूक निघाली तर चहावर भागणार नाही. पण झोप बरी लागते, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? बाबा पथ्य पाळतात ना?

माझ्या परीक्षेच्या दिवशी मी घरी येईपर्यंत तू घास घ्यायची नाहीस, हे ताईने मला फार उशिरा सांगितलं. तू ऐकणार नाहीस, ठाऊक आहे. तरी मागते: शुक्रवारी माझ्या फोनची वाट बघू नकोस, आधी जेव.

तुझी,
धाकटी