श्री नसलेले कार्ड

॥ श्री ॥ ॥ श्री ॥ ॥ श्री ॥

कासारवाडी, १६ ऑक्टोबर १९५६

तीर्थरूप बापूमामांस, भिमाजीचा साष्टांग नमस्कार. मी धडधाकट आहे. (हे वाक्य आईला दोनदा मोठ्याने वाचून दाखवावे.) आपला दमा, मामींचे गुडघे आणि व्यायलेली म्हैस यांची खुशाली कळवावी. वर तीनतीन श्री पाहून आपल्याला हसू आले असेल. लेखकाने देवाच्या वशिल्याने सुरुवात करू नये, असे गणपतीत मीच तुम्हाला ऐकवले होते. ते शब्द मी मागे घेतो.

त्याचे असे झाले. पिंपरीच्या नव्या कारखान्यामुळे आमच्या चाळीत चार जिल्ह्यांची माणसे आहेत, पण लिहिणारी थोडी. माझी एक कथा मासिकात आल्यापासून (एकच, पण चाळीला ती पुरली) सगळे कार्डे लिहून घ्यायला माझ्याकडेच येत. माणूस बोलतो ते लिहावे की त्याला म्हणायचे असते ते, हे कोडे मला रोज पडे. शेजारचा मालोजी तर आधी अख्ख्या भावकीला नमस्कार घालायचा. मुद्द्यावर येईपर्यंत कार्ड संपायचे. मी म्हटले, याला जरा कथेचे तंत्र शिकवू. श्री गाळला, नमस्कार गाळले आणि शेवट आधी आणला : ‘या दिवाळीला मालोजीची वाट पाहू नका.’ ओव्हरटाइम लागला आहे, आईला लुगडे घेतले आहे, संक्रांतीला येतो, हे सारे खाली.

खालचे कुणी वाचलेच नाही. त्यांच्या गावात पत्रे देवळातला गुरव वाचतो. माथ्यावर श्री नाही म्हणजे मयताचे पत्र, हे त्याला माझ्याआधीपासून ठाऊक. पहिली ओळ वाचली आणि असले कार्ड घरात ठेवू नये म्हणून त्याने तिथेच फाडले.

रविवारी मालोजी भाकरी खात बसला असताना त्याचा धाकटा भाऊ हिंदुराव दारात उभा राहिला, डोक्याचा गोटा करून. तो गळ्यात पडून रडू लागला, म्हणून काही न कळता मालोजीही रडला. मग मालोजीच्या बायकोने, मंजुळावहिनींनी, माझ्याकडे बोट दाखवले. मला वाटले, आता मार बसतो. हिंदुराव नुसता म्हणाला, “दादा जित्ता हाय, लई ब्येस झालं. क्येस बी येत्याल. पन आमची आय कवाधरनं जेवली न्हाई, मास्तर. तिचं काय?” मामा, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आता चाळीची कार्डे कोपऱ्यावरचा हॉटेलवाला लिहितो. श्री, सर्व खुशाल, लोभ असावा. बस्स. आणि गावोगाव सगळ्यांना सगळे समजते, हे दुसरे कोडे.

मामींना नमस्कार.

आपला (जिवंत) भाचा,
भिमाजी

ता. क. : मालोजीचे कार्ड लिहिले त्याच दिवशी, त्याच तंत्राने एक कार्ड मी आईलाही टाकले आहे. पहिली ओळ : ‘भिमाजीची काळजी आता संपली.’ (नोकरीत कायम झालो, हे खाली.) आपल्याकडे टपाल बाजारच्या दिवशीच येते, म्हणून हे पत्र गावी निघालेल्या सोपानरावांच्या हाती देत आहे. कृपा करून पोस्टमनला वेशीवरच गाठा.

पुन्हा ता. क. : मी स्वतःच निघणार होतो. पण कार्ड आधी पोचले असेल आणि मी अवचित दारात उभा राहिलो, तर आईचे काय होईल? शनिवारी येतो. अंगणाबाहेरूनच हाक मारीन. तेवढे तिच्याजवळ बसा आणि सांगा, आवाज माझाच आहे.