शिंगाळ्याचा काटा

माउंट रॉस्किल, ऑकलंड
१८ मे २०२५

काल फोनवर तू माझ्याशी खोटं बोललीस. श्रीनाथला कांदा चिरताना सुरी लागली म्हणालीस. तुझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात कांदा चिरलेला नाही, माझ्या घरातही नाही आणि तुझ्याही नाही. फोनच्या चित्रात तो चहा डाव्या हातानं पीत होता आणि उजवा हात सगळा वेळ टेबलाखाली. मला ऐकायला कमी येतं. दिसायला अजून चांगलं दिसतं.

चि. सौ. निवेदिता हिला आजीचे आशीर्वाद. आधी भांडण आणि मग आशीर्वाद, हे उलटं झालंय ते मला कळतंय, पण मनात ज्या क्रमानं होतं त्या क्रमानं लिहिलं.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता. मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्यात तुम्ही सुटता. म्हणून कागद. चौथीपर्यंत शिकलेय, तेवढ्यात नातसुनेला दरडावता येतं. तुझी नणंद श्रिया ह्याचा फोटो काढून तुला पाठवेल. घरात वाढलेल्या पोरीला मराठी वाचता येत नाही ह्याचं मला आजवर वाईट वाटायचं. आज बरं वाटतंय.

आता ऐक. मी भोयाची लेक. भीमेच्या पाण्यावर वाढले, त्याच पाण्यावर संसार केला. इथले लोक ज्याला कॅटफिश म्हणतात तो आपला शिंगाळाच. मिशा तशाच, काटे तसेच. एक पाठीवर, दोन कल्ल्यांच्या बाजूला. त्या काट्याला उलटे दात असतात. शिरताना सरळ शिरतो, ओढला की टोक आत मोडून राहतं. माझ्या भावाला, काशिनाथला, तसाच लागला होता. बाजाराची गडबड होती, म्हणाला उद्या बघू. बोट काढावं लागलं. पुढं तो भिगवणच्या स्टँडवर रिक्षा लावायचा आणि पाण्याकडं पाठ करून बसायचा.

तेव्हा मला सांग, कुठलं बोट? सरळ होतं का? मनगटाकडं लाल रेघ चढलीय का? खरं लिहिलंस तर माझा लोभ आहे तिथंच राहील.

आजी

---

रोटोरुआजवळ, तळ्याकाठून
१९ मे २०२५

ती. आजींना निवेदिताचा शि. सा. न. वि. वि.

पकडलंत. सुरी नव्हती, शिंगाळाच होता. गुरुवारी सकाळी लागला.

इथं आता शरद संपत आलाय. सकाळी गवतावर पांढरं साचतं आणि तळ्यावरून वाफ निघते. आदल्या संध्याकाळी टाकलेली कड्यांची लांब जाळी उचलायला श्रीनाथ आणि टामा बोटीनं जातात. टामा म्हणजे ज्याची बोट आहे आणि ज्यानं ह्याला कामावर घेतलंय तो. जाळ्यात जे येईल त्यातले शिंगाळे वेगळे काढून मारायचे आणि मूळचे मासे परत सोडायचे. शिंगाळा इथला नाही, कोणीतरी कधीतरी आणून सोडलेला. तळ्यातले कोउरा, म्हणजे आपले छोटे शेवंड, तो खाऊन संपवतोय. टामाच्या माओरी घराण्याचं तळं आहे, त्यांना हा मासा पुरता बाहेर काढायचाय.

बोटीवर सगळे जाड हातमोजे घालतात. श्रीनाथ उजवा मोजा काढायचा. तुम्ही त्याला शिकवलं होतंत ना, मोज्यातून मासा कळत नाही, उघड्या बोटांनी काट्याच्या मागून चिमटीत धरायचा. तो हे टामाला मोठ्या ऐटीत दाखवायचा. त्या दिवशी पाणी इतकं गार होतं की त्याच्या बोटांना काही कळतच नव्हतं. काटा शिरला हे त्याला रक्त दिसल्यावर समजलं.

घरी आल्यावर गावातल्या इंडियन दुकानातून पानाचा चुना आणला, हळदीत गरम करून लिंपला आणि वर घट्ट पट्टी. लहानपणी तुम्ही असंच करायचात म्हणाला. मला वाटलं तुमचंच औषध आहे, तर ठीकच असेल. अंगठ्याजवळचं बोट आहे. फुगलंय, अर्धवट वाकलेलं आहे, सरळ करू देत नाही. रेघ आहे का माहीत नाही, कारण पट्टीला हात लावू देत नाही.

टामाला सांगितलेलं नाही. शुक्रवारी टामा ठरवणार की ह्याला हिवाळ्यासाठी ठेवायचं की नाही. ऑकलंडमधल्या ईस्ट टामाकीच्या गोदामातली नोकरी सोडून हा इथं आला, त्यावरून बाबा अजून नीट बोलत नाहीत. परत गोदामात जायचं नाही एवढंच त्याच्या डोक्यात आहे. आता तो मोजा घालतो, तोही एक नंबर मोठा, पट्टी झाकायला. टामा हसून म्हणाला की अखेर शिकलास, स्वीट ॲज, म्हणजे झकास.

मला शपथ घातलीय. बाबांना कळवू नका. लोभ आहे तसा असू द्या, राग थोडा कमी असला तरी चालेल.

तुमची
निवेदिता

---

माउंट रॉस्किल
१९ मे, संध्याकाळ

चि. सौ. निवेदिता हिला आशीर्वाद. हे उभ्यानं लिहितेय, श्रिया फोन घेऊन शेजारी ताटकळलीय आणि इंग्रजीत कुरकुरतेय.

चुना-हळद मुक्या मारावर लावतात गं बये. आत काटा मोडलेला असताना वरून चुना लिंपणं म्हणजे चोर घरात ठेवून बाहेरून कडी लावणं. माझं औषध आहे हे खरं, पण कशावरचं आहे ते त्यानं विचारलं नाही. त्याला वाटलं, आजीनं काहीतरी पिवळं लावलं की बरं होतं.

आत्ताच्या आत्ता पट्टी कोमट पाण्यात भिजवून सोडव. ओढू नकोस. हाताची आतली बाजू उजेडात बघ. रेघ दिसली तर एकही जाळं उचलायचं नाही, दवाखाना गाठायचा. रेघ नसली तरी दवाखाना गाठायचा. मी विचारतेय एवढ्यासाठी की तू स्वतः बघावीस आणि तुझी भीड चेपावी.

मोज्याचं. भीमेचं पाणी थंडीतही बोट बधिर करत नाही. बोटाला कळतं, म्हणून उघड्या हातानं धरायचं. जिथं बोटाला कळत नाही तिथं उघडा हात कशाला? मी इथलं पाणी पाहिलेलं नाही आणि न पाहता शिकवलं. ते माझं मी बघेन. तू हात बघ.

टामाला तू सांगायचंस. श्रीनाथ मरेपर्यंत सांगणार नाही, त्याचा आजा असाच होता, सापावर पाय पडला तरी विचारल्याशिवाय बोलायचा नाही. शपथ मोडल्याचं पाप लागत असेल तर माझ्याकडं पाठव, माझ्याकडं त्या खात्यात अजून जागा आहे. आणि त्या टामाचं मला कळत नाही. बाहेरून आलेला मासा काढायला त्यानं बाहेरून आलेलाच पोरगा ठेवला. म्हणजे माणूस वाईट नसावा. सांगून बघ.

बाळासाहेबाला, तुझ्या सासऱ्याला, मी बोललेली नाही. तो गाडी काढून येईल, येताना सगळा रस्ता गोदामाच्या नोकरीवर भाषण तयार करेल आणि हात तसाच राहील. पण उद्या संध्याकाळपर्यंत तुझा कागद आला नाही तर मी माझ्या लेकाला उठवणार. मग भाषण तूच ऐकायचंस.

लोभ, राग, दोन्ही पाठवलंय. लागेल ते घे.

आजी

---

दवाखान्यातून
२० मे २०२५

ती. आजींना निवेदिताचा नमस्कार.

काल तुमचा कागद आल्या आल्या पट्टी सोडवली. रेघ होती, मनगटाच्या वर गेलेली. तेव्हाच चल म्हटलं तर म्हणाला सकाळी जाळी उचलून मग जाऊ. मी खूप बोलले, तोही बोलला. आमचं इतकं कधी वाजलं नव्हतं. पहाटे त्याच्या अंगात ताप होता आणि तरी तो बूट घालून धक्क्यावर गेला.

मी सापडले ते जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, पायात घातले आणि गोठलेल्या गवतावरून त्याच्या मागे गेले. टामा दोर सोडत होता. श्रीनाथच्या समोरच मी टामाला सगळं सांगितलं. श्रीनाथ माझ्याकडे असा बघत होता की मी त्याला पाण्यात ढकललंय. टामा जवळ आला, ह्याचा मोजा हळूच काढला, हात उलटा करून बघितला आणि सोडलेला दोर परत खुंटाला बांधला. मला म्हणाला की जाळी पाण्यात थांबतील, गाडीत बसा. सबंध रस्ता त्यानं एका हातानं गाडी चालवली आणि दुसरा हात श्रीनाथच्या खांद्यावर ठेवला होता.

ऑपरेशन झालं. अर्ध्या तांदळाच्या दाण्याएवढं टोक निघालं, आणि त्याच्याभोवती पू. स्नायूच्या दोरीपर्यंत पोचला होता. ती धुऊन काढली. सलाईन चालू आहे. रेघ उतरतेय. पण बोट पुढे वाकेल का, पकड येईल का, हे डॉक्टर आज सांगत नाहीत. शनिवारी पट्टी सोडून हलवून बघतील.

नोकरीचं विचारलं तेव्हा टामा म्हणाला की हाताला लागलं ह्याचा त्याला राग नाही, लपवलं ह्याचा आहे. बोटीवर लपवणारा माणूस बुडवतो. बाकीचं नंतर बोलू म्हणाला.

श्रीनाथ माझ्याशी बोलत नाही. नर्सशी बोलतो, टामाशी बोलतो, छताशीही बोलेल. पापाचा हिशेब तुमच्याकडे पाठवलाय, पण इथं खुर्चीत मीच बसलेय. आशीर्वाद असू द्या.

निवेदिता

---

दवाखान्यातून
२४ मे २०२५

ती. आजींना श्रीनाथचा शि. सा. न. वि. वि.

आज पट्टी सोडली. सर्व ठीक आहे. बोट हलत आहे. डॉक्टर समाधानी आहेत. टामाने हिवाळ्यासाठी ठेवायचे कबूल केले आहे. औषधे वेळेवर घेत आहे. आपण काळजी करू नये व प्रकृतीस जपावे. आपले आशीर्वाद पाठीशी असावेत.

आपला नातू
श्रीनाथ

---

माउंट रॉस्किल
२५ मे २०२५

निवेदिता, श्रीनाथचं पत्र मिळालं. अक्षर तुझं आहे.

त्याला मराठी अक्षरं मी शिकवली, ह्याच घरात, ह्याच टेबलावर, त्यानं नको नको म्हणत असताना. त्याच्या ओळी वाऱ्यावर वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या लोंबतात. तुझ्या ओळी इस्त्री केलेल्या. आणि तो मला जन्मात आपण म्हणालेला नाही. त्याचं पत्र आजी, आज काय केलंस खायला, असं सुरू होतं आणि तिथंच बहुतेक संपतं. शिरसाष्टांग म्हणे. तो शिर वाकवेल तर आधी मी डॉक्टर बोलावीन.

तुला आशीर्वाद आहेत, हे मध्येच लिहून टाकते. तू नवऱ्याला धक्क्यावरून उचलून नेलंस, ते काम मी करू शकले नसते. माझ्यासमोर तो आणखी ताठला असता. तुझ्याशी बोलायला लागेल. आजा चौथ्या दिवशी बोलायचा, ते पण मीठ मागायला. थांब.

टामानं ठेवलं ते मात्र खरं असावं. खोटं असतं तर तू आणखी दोन ओळी सजवल्या असत्यास. बोटाचं नुसतं हलत आहे लिहिलंस. मासा पण टोपलीत हलतो. वाकतं का, पकडतं का, ते तू लिहिलं नाहीस, म्हणून मला कळलं की अजून नाही.

बाळासाहेबाला मी सांगितलं. तो जेवताना उठून बाहेर गेला आणि गाडीत जाऊन बसला, गाडी सुरू न करता. भाषण केलं नाही. येत्या शनिवारी आम्ही येतो. श्रियाला दुकानात नेऊन कोपरापर्यंतचे रबरी मोजे आणलेत. माप तिला विचारलं तर तिनं तुझ्या नवऱ्याचा हात हवेत काढून दाखवला आणि मग रडली. मी तिला गप्प केलं नाही.

मला बरं नको, खरं पाहिजे. वाईट असेल तर मी ते पचवते, काशिनाथचं पचवलंय. अर्धवट पचत नाही. काशिनाथ गेला रिक्षाकडं आणि मागं मी घरात बसून माझं तेच बोट मुठीत दुमडून जाळ्याच्या गाठी मारून बघितल्या. बसतात. उरलेल्या बोटांनी गाठ चांगली बसते, फक्त दोर उलट्या बाजूनं घ्यावा लागतो. त्याला दाखवायला गेले तर तो ऐकून घ्यायला बसलाच नाही. श्रीनाथला मी उठू देणार नाही. हे त्याला वाचून दाखव, किंवा नको, तो स्वतः वाचेल.

आता ह्या पत्राचं उत्तर. तू द्यायचं नाहीस. टामानं नाही, फोनवरून कोणी नाही. श्रीनाथनं द्यायचं, उजव्या हातात पेन धरून. एक अक्षर आलं तर एक पाठवायचं. नुसती रेघ आली तर रेघ. आणि तीही आली नाही तर कोरा कागद पाठवायचा, पण त्यानंच.

आजी