दुसऱ्या नंबरची जागा

५ जानेवारी, रविवार

निघतानाच बद्रीनाथ म्हणाला, "अप्पा, आज तू माझ्या मागं राहा. शेवटाला चांदपाशा येईल."

मी बरं म्हटलं. चौकात मोटारसायकली चालू करून उभे, तिथं काय वाद घालायचा.

पण दुसरी जागा कुणाची असते हे मला दुसऱ्यानं सांगायला नको. नियम माझाच! सगळ्यात पुढं वाट माहीत असलेला — म्हणजे बद्री. सगळ्यात मागं पक्क्या हाताचा, कुणाची चेन उतरली, कुणाचं पंक्चर झालं तर सांभाळून घेणारा. आणि पुढच्याच्या लगेच मागं कच्चा गडी, म्हणजे तो आरशात दिसत राहतो आणि त्याच्या बेतानं वेग धरता येतो. ही कच्ची जागा आमच्या तात्यासाहेबांची. जन्मभर शाळेत पोरांना शिकवलं, पण रस्त्यात वाळकं पान दिसलं तरी ब्रेक दाबतात. शेपूट मी. चौघं मिळून फिरायला लागलो तेव्हापासून शेपूट मीच.

आज तात्यासाहेब तिसरे आणि मी दुसरा. म्हणजे तात्यासाहेबांपेक्षा कच्चा.

दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ करून आलो. हवा छान होती. हुरडा खाल्ला. सगळे नेहमीसारखे हसत होते, मीपण हसलो. घरी आल्यावर रत्नमाला म्हणाली, "तोंड का असं एरंडेल प्याल्यावानी?" म्हटलं, ऊन लागलं. जानेवारीत!

७ जानेवारी

सकाळी मैदानात विटा मांडल्या आणि त्यांच्यामधून गाडी नागमोडी काढली. हळू, एकदम हळू — हळू चालवण्यातच खरा हात कळतो. एकदाही पाय टेकला नाही. परत काढली. परत नाही.

मग कच्चा कुठं झालो?

रत्नमाला दूध घेऊन येत होती. थांबून बघत राहिली. "देवळात कधी गेला नाहीत, अन् आता विटांना प्रदक्षिणा घालताय व्हय?"

९ जानेवारी

औरंगपुऱ्यात चांदपाशाच्या दुकानी गेलो. सीट कव्हर शिवत बसला होता, तोंडात सुतळी. सरळ विचारलं — पाशाभाई, माझ्या गाडी चालवण्यात काही फरक दिसतो का तुला?

"तेरे में? नै रे. तू तो जवान है."

मग बद्रीनं मला दुसरा का लावला?

हात थांबले त्याचे. तोंडातली सुतळी काढली. "मेरेकू कायकू पूछरा? बद्रीकू पूछ." आणि पोऱ्याला चहा सांगायला म्हणून स्वतःच उठून गेला. पोऱ्या तर आज सुटीवर होता!

म्हणजे ह्यांचं आपसात बोलणं झालेलं आहे. फक्त मला सांगायला कुणाची जीभ उचलत नाही. म्हाताऱ्या बैलाला बाजारात नेताना कुणी त्याला सांगतं का.

असो. चहा चांगला होता.

१४ जानेवारी, मंगळवार

सकाळी लवकर विद्यापीठ गेटला जाऊन आलो. नामविस्तार दिनाची दरवर्षीसारखी गर्दी, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल. एक पुस्तक घेतलं. मन भरून आलं. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला त्या कमानीखाली उभं राहिलं की आपणच पदवी घेतल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी बद्रीकडं तिळगूळ. केसरबाई वहिनींच्या हातचा लाडू म्हणजे दाताची परीक्षा. वहिनी आत गेल्या तेव्हा विचारून टाकलं, "बद्री, शनिवारी फर्दापूरला जाताना पण मी दुसराच का?"

"व्हय."

"का?"

त्यानं आतल्या दाराकडं बघितलं. मग आवाज बारीक करून म्हणाला, "तू मागं राहून एक काम कर. डावीउजवीकडून काही आडवं येताना दिसलं — जनावर, ट्रॅक्टर, काहीबी — एक हॉर्न मार. तेवढं तुझ्याकडं."

तेवढ्यात वहिनी आल्या आणि ह्यानं एकदम कापसाच्या भावाचं काढलं.

मी सगळं समजलो. रडक्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसा मला हॉर्न दिला. पोराला वाटावं आपणच बाजा वाजवतोय. आणि वहिनींसमोर माझी लाज जाऊ नये म्हणून विषय बदलला. मनानं चांगला आहे बद्री. पण लागलं.

१८ जानेवारी, शनिवार. फर्दापूर

पोचलो. दिवसभर गाडीवर असलो की अंगात रस्ता भरून राहतो, बसल्यावरही खाट चालते आहे असं वाटतं. हे सुख कुणाला सांगून कळायचं नाही.

फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव. बद्री एवढा सावकाश चालला होता की एक लुनावाला आम्हाला मागं टाकून गेला, वर हात करून! गावं आली की आणखी हळू. चौकात तर मान पार खांद्यापर्यंत वळवून दोन्हीकडं बघायचा. म्हटलं, माझ्यासाठी किती करतोय. दिवस मावळायच्या आत पोचायचंच म्हणून अजिंठ्याच्या घाटाआधीचा चहासुद्धा घेऊ दिला नाही. तेही माझ्यासाठीच असणार. मी मात्र हॉर्न मारत आलो. शेळी — हॉर्न. सायकल — हॉर्न. कडेला निवांत उभी म्हैस — हॉर्न. पन्नासदा तरी मारला असेल. तात्यासाहेब मागून ओरडले, "अप्पाराव, वरात आहे का कुणाची?"

रात्री शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी. तात्यासाहेबांनी तिखट नको सांगितलं आणि चांदपाशाच्या ताटातलंच ओरपलं, मग नाक पुसत बसले. पाशा म्हणतो, "मास्टर, रोते कायकू? फेल हुए क्या?" बद्री लई हसला. बऱ्याच दिवसांनी असा हसताना पाहिला.

उद्या सोयगाववरून वेताळवाडीचा घाट चढून परत. उद्या हॉर्न मारणार नाही. ठरवलं. मी काय बाजावाला आहे?

१९ जानेवारी, रविवार. घरी

झोपायच्या आधी सगळं लिहून ठेवतो.

वेताळवाडीचा घाट चढून वर आलो, किल्ला मागं पडला. पुढं सरळ रस्ता, दोन्हीकडं कपाशीची शेतं. डावीकडच्या शिवरस्त्यानं एक लाल ट्रॅक्टर मुख्य रस्त्याकडं येत होता, मागं कपाशीच्या वाळक्या पळाट्या भरलेली ट्रॉली. मला लांबूनच दिसला. म्हटलं, एवढं धूड, बद्रीला मी काय दाखवायचं. हात हॉर्नवर गेला होता — मागं घेतला.

बद्रीनं वेग कमी केला नाही. अजून नाही. ट्रॅक्टर रस्त्यावर चढला तरी नाही!

तेव्हा मी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. त्यानं ब्रेक मारला, गाडी उजवीकडं घसरली, कडेच्या मातीत गेली आणि आडवी झाली. ट्रॉलीच्या चाकात आणि त्याच्यात हातभर अंतर राहिलं.

कोपर सोललं, गुडघा सुजला. एवढ्यावर निभावलं. ट्रॅक्टरवाला बिचारा पांढराफटक. पाणी दिलं त्यानं. बद्री बांधावर बसला होता. तात्यासाहेब म्हणाले, "अहो बद्रीनाथ, समोर पर्वताएवढा ट्रॅक्टर!"

"समोर नव्हता तो," बद्री म्हणाला. "बाजूला होता. बाजूचं मला दिसत नाय."

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना. समोरचं नीट दिसतं, कडेचं गेलं आहे — नळीतून बघावं तसं. गेलं ते परत येत नाही, राहिलं तेवढं औषधानं टिकवायचं. दिवाळीनंतर कळलं. चांदपाशा दवाखान्यात सोबत होता, त्याच्याकडून शपथ घेतली होती. वहिनींनाही सांगितलं नव्हतं. "हे एक साल फिरून घेतो, मग सोडतो म्हणलं." पाशा रस्त्याकडं तोंड करून उभा. "बोल्या था मैं इसकू. सौ बार बोल्या."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं की. बाजूचं दिसलं की हॉर्न मार म्हणलं."

"मला वाटलं मी कच्चा झालो म्हणून —"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "येडा का खुळा तू? माझे बाजूचे डोळे कुणा कच्च्याच्या हातात देईन का मी?"

ट्रॅक्टरवाल्यानंच टेम्पो बोलावला. पाशा म्हणाला, माझ्या मागं बस. बद्री म्हणाला, "मागं बसायला मी काय सामान हाय?" आणि टेम्पोत वाकड्या गाडीला धरून बसून आला. आम्ही तिघं त्याच्यामागून. कुणी पहिला नाही, दुसरा नाही.

२१ जानेवारी

बद्रीकडं गेलो. पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडला होता. वहिनींना आता सगळं कळलं आहे. बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, "भावजी, मी एका शब्दानं बोलले नाही हो. पण जेवत नाहीत. गाडी विका म्हणतात. म्हणतात, आता तिघांनीच जा म्हणावं."

आत जाऊन बसलो. सांगून टाकलं — बद्री, ट्रॅक्टर मला लांबून दिसला होता. मी मुद्दाम हॉर्न मारला नाही.

भिंतीकडंच तोंड ठेवून म्हणाला, "ठाव हाय. जाताना डोकं उठवलंस हॉर्न मारून, येताना सकाळपासून एक नाय. म्हणलं, अप्पा रुसला."

"मग थांबायचं की रे!"

"म्हणलं, सिल्लोडला चहा पाजू, मग समजूत काढू."

मग मीच भिंतीकडं तोंड केलं. माणूस मरता मरता वाचला आणि ह्याच्या डोक्यात माझा रुसवा.

येण्याचं नावच काढू देत नाही. मागं बसायचं म्हटलं की हात झटकतो. बाकीचं सगळं सोसेन म्हणतो, ते नाही.

२४ जानेवारी

चांदपाशानं माझी गाडी दुकानात ठेवून घेतली. मागची सीट उचकटली, जाड फोम भरला, धरायला पट्टा शिवला, पाठीला टेका दिला. मी म्हटलं, अरे पण तो बसणारच नाही म्हणतो.

"नक्को बोल्या तो मैं बैठता पीछे. तू चला. मेरी कमर भी दुखरी."

तसाच बद्रीकडं गेलो. खाली गाडी उभी केली आणि वर जाऊन म्हटलं, "परवा पैठण. पुढं मी राहणार. पण मला वाट माहीत नाही. जन्मभर शेपूट राहिलो, तुमच्या पाठी बघत आलो. कुठला फाटा, कुठला खड्डा, मी कधी ध्यानातच ठेवलं नाही."

खोटं नव्हतं ते. खरंच नाही ठेवलं.

निघताना जिन्यावरून वहिनींचा आवाज आला, "खिडकीतून सीट बघतायत."

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून चौकात गेलो तर बद्री आधीच उभा. डोक्यात हेल्मेट, हातात काही नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, फोम दाबून बघितला, बसला. "चल. बिडकीनच्या अलीकडं रस्ता खराब हाय, डावी धर."

आज पहिला मी. तात्यासाहेब त्यांच्या दुसऱ्या जागी, शेवटाला पाशा.

थोडं पुढं गेल्यावर बद्री कानाशी म्हणाला, "अप्पा, समोर तुझं हेल्मेट हाय आणि बाजूचं तर माझं गेलंच. मला आता काहीच दिसत नाय. सांगत चल." मग सांगत गेलो. डावीकडं मोसंबीची बाग, बाया तोडायला लागल्यात. उजवीकडं हरभरा, घाटे भरलेत. एक पोरगं शाळेचा झेंडा घेऊन पळतंय. आता ऊस. आता पुन्हा मोसंबी. मधेच जरा गप्प राहिलो की पाठीत बोट टोचायचा — "झोपला का?"

पैठणपर्यंत आणि परत. घसा पार बसला. रत्नमाला विचारते, "एवढं कुणाशी भांडून आलात?"

मानेनंच नाही म्हटलं.