परक्या राष्ट्रगीताला उभं राहताना

२६ डिसेंबर

"हमारे यहाँ तालाब जम जाए तो स्कूल की छुट्टी, और सब उसी तालाब पे." नागपूरच्या हॉस्टेलात डोल्मा म्हणाली होती, केसांना तेल लावता लावता. ती लेहची. मी तोवर बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिलेला. आज पंचेचाळिशी उलटली, तरी आइस हॉकी लागली की आधी ते तळंच दिसतं. पोरांनी भरलेलं, दप्तरं काठावर.

आजपासून ज्युनिअर वर्ल्ड. वीस वर्षांखालची मुलं. तिकडे संध्याकाळ, इथं दूधवाला यायच्या आधीची वेळ. बाबा (सासरे, पण आता नुसतेच बाबा) माझ्याआधी उठून, कानटोपी घालून लॅपटॉपसमोर. फॅक्टरीच्या टीमचे गोलकीपर होते, मातीवरच्या हॉकीत. ही बर्फावरची त्यांना अजून मान्य नाही.

"भिंतीवरून उड्या मारून आत-बाहेर करून राहिले हे. अंपायर काहून काही म्हणत नाही?"

यात खेळ चालू असतानाच खेळाडू बदलतात, हे दर वर्षी सांगते; दर वर्षी हेच वाक्य. माझा नवरा शिरीष गेला त्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी एकत्र बघायला सुरुवात केली. घरात कुणीतरी धावत असलेलं बरं वाटायचं.

२७ डिसें.

धुकं. समोरचं घरही दिसत नव्हतं.

फिनलंडचा गोलकीपर, उंचच उंच मुलगा. आम्ही त्याला लांब्या म्हणतो. खेळ सुरू व्हायच्या आधी गोलसमोरचा बर्फ स्केटनं खरवडतो, इकडून तिकडे, अंगण झाडावं तसा. तो आवाज मला गोलपेक्षा प्रिय. बाबा म्हणाले, "हा गडी चांगला. आधी जागा आपली करून घेतो."

कॉलेजात हे कुणाला सांगत नाही. मागे एकदा स्टाफरूममध्ये बोलले, तर हिंदीच्या मॅडम म्हणाल्या, "अच्छा, हॉकी? तो सदर के मैदान चली जाया करो, वहाँ रोज़ होती है."

२९ डिसें.

बाबा पडले.

मॅच संपली की दोन्ही संघ रांगेत उभे राहतात आणि जिंकलेल्या देशाचं राष्ट्रगीत लागतं. बाबाही उभे राहतात. देश कुठलाही असो. "राष्ट्रगीत आहे, कोणाचं का असेना." आज वॉकर सरकला. हाड शाबूत, गुडघा टम्म.

पुण्याहून भाऊजींचा फोन. शिरीषचे मोठे भाऊ.

"पडले कसे?"

"राष्ट्रगीताला उभे राहताना."

"आज कुठलं राष्ट्रगीत?"

"स्लोवाकियाचं."

आतून बाबा: "त्याला सांग, पोरं चांगली खेळली म्हणून."

३० डिसें.

स्वप्न. इथल्या ग्वारीघाटला नर्मदा गोठलेली. नावा आहेत तिथंच अडकलेल्या, दिवे बर्फाच्या आत जळताहेत. शिरीष पायरीवर बसून स्केटच्या नाड्या बांधतोय, तो राखाडी स्वेटर. मी म्हटलं, तुला कुठं येतं. म्हणाला, "इथं सगळ्यांना येतं." पलीकडून कुणीतरी

जाग आली. बाबांना शेक द्यायचा होता.

३१ डिसें.

भाऊजी सहा तारखेला येताहेत. बाबांना कायमचं पुण्याला नेणार. "तुझ्यावर किती टाकायचं आम्ही, अनू?" नीट बोलले. राग यावा असं काहीच नाही त्यात.

बाबांना विचारलं. "जाईन म्हणतो." एवढंच. मग स्वेटरची सुटलेली लोकर ओढत बसले.

ते पडल्यामुळं हे झालं असं मी धरून चालले आहे. उद्यापासून तो वॉकर जवळ ठेवला तर? पण आता काय.

२ जाने.

फिनलंडची उपांत्यपूर्व फेरी. एका गोलनं मागे, वेळ संपत आलेली. कोचनं हात केला आणि लांब्या गोल उघडा टाकून बाकाकडे सुसाट. त्याच्या जागी एक जास्तीचा खेळाडू हल्ल्यासाठी उतरतो. दर वेळी हे झालं की बाबा तोंड फिरवतात, शिव्या घालतात. "घर उघडं टाकून कोणी जाते का?"

आज बघत राहिले.

"आमच्या वेळी मी एकदाही गोल सोडला नाही." मग थोड्या वेळानं, "पण हा गेला म्हणून तो दुसरा आत आला. बघ कसा पळून राहिला."

फिनलंडला गोल झाला नाही. उलट समोरच्यांनी लांबून मारली आणि ती काळी टिक्की (पक, चेंडूऐवजीची रबरी चकती; बाबा तिला टिक्की म्हणतात) रिकाम्या गोलकडे निघाली. इतकी सावकाश. अडवायला कुणी नव्हतं. वाटलं, कधी पोचूच नये.

राष्ट्रगीताला बाबा बसून होते. हात मात्र वॉकरवर.

४ जाने.

बाबांची बॅग भरतेय. भाऊजींना औषधांचं सांगायला फोन केला. बोलता बोलता ते म्हणाले, "मला तर त्यांनीच बोलावलं. पडायच्या आधीच. तुला माहीत नाही?"

बाबांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मोजे शोधत असल्याचं सोंग केलं.

"काहून, बाबा?"

"देहरादून," ते म्हणाले.

तिथं बर्फाचं बंदिस्त मैदान आहे, रिंक. मार्चमध्ये ज्युनिअर मुलांचे सामने होतात. मी दोनदा तिकीट काढलं होतं, दोनदा रद्द केलं. एकदा त्यांचं बीपी, एकदा ताप. बाबांना काही बोलले नव्हते.

"मी म्हातारा आहे, बहिरा नाही. माझ्यापायी तू बर्फ नाही पाहिला."

"रोज तर पाहते, तुमच्यासोबत."

"हा डब्यातला? मला मैदानाच्या मातीचा वास माहीत आहे. तुला बर्फाचा माहीत आहे का?"

मोजे त्यांच्या हातातच होते.

५ जाने.

फायनल. हरलेली मुलं गळ्यात रुपेरी पदक घालून हमसून रडत होती. त्यातली बरीचशी पुढल्या वर्षी वीस ओलांडतील. ज्युनिअर राहणार नाहीत. या वयाचा बर्फ त्यांना परत नाही. बाबा म्हणाले, "रडू दे. रडलं पाहिजे." आणि चष्मा पुसला.

दिवसभर घरात दोघंच, आणि दोघंही फार व्यवस्थित वागत होतो. त्यांनी चहाचा कप स्वतः विसळला.

भाऊजींची गाडी सकाळी येते. त्याआधी विचारीन. गुडघा दाखवतील. मग म्हणतील पोराचा शब्द मोडू नये, मग म्हणतील, वेडी झाली काय अनू, मला घेऊन तू काय खेळ बघशील. तिन्ही उत्तरं मला आत्ताच त्यांच्या आवाजात ऐकू येताहेत. तरी इथं लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी जीभ अडखळायची नाही:

बाबा, पुण्याला जाऊ नका. मार्चमध्ये माझ्यासोबत देहरादूनला चला.