पाटी न दाखवता बदललेले आबा

कामशेत, बुधवार

आदरणीय हनुमंत मामा,
सप्रेम जय भीम.

“चेंडूकडं काय बघतीस, चेंडू कुठं पळून जात नाही. ज्याच्याकडं चेंडू नाही त्याच्याकडं बघ.” हे तुम्ही मला लोणावळ्याच्या रेल्वे मैदानावर सांगितलंत तेव्हा मी पाचवीत होते, आणि माझ्या मते चेंडू सारखा पळूनच जात होता. मैदानावर मुलगी मी एकटीच. आई म्हणायची, पोरीला कशाला नेतोस त्या धुरळ्यात. तुम्ही म्हणायचात, तिला भूक लागली की घेऊन येतो. मग मला मुद्दाम भूक लागायची नाही. या वाक्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून हे पत्र. (फोनवर मानले असते. पण फोनवर तुम्ही “हं, बरं, ठेवतो” एवढंच बोलता, आणि माझं प्रास्ताविक व्हायच्या आत खरंच ठेवता. पत्र ठेवता येत नाही. शिवाय ते पायल वाचून दाखवणार, आणि सुनेला मधेच थांबवणं तुमच्या स्वभावात नाही. मी सगळा विचार केलेला आहे.)

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? पायलच्या अळणी आमटीशी तुमचा समझोता झाला का? डोळ्यांचं तिनं मला सांगितलं. समोर पाहिलं की मधोमध धुरकट डाग दिसतो आणि कडेकडेचं तेवढं स्वच्छ दिसतं, आहे ते टिकावं म्हणून इंजेक्शनं चालू ठेवायची आहेत. तेही तिनं सांगितलं. आणि सामना लागला की तुम्ही उठून गॅलरीत जाता, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून बसता, आणि कोणी विचारलं तर “माझी मॅच संपली” म्हणता, हे तिनं न विचारता सांगितलं. यावर मी या पत्रात काहीही बोलणार नाही. आई बरी आहे. धाकट्या भावाला विचारलंय म्हणून सांग म्हणाली आणि पुढं जे म्हणाली ते पायलला मोठ्याने वाचता येणार नाही.

माझं म्हणाल तर, जूनमध्ये पवनानगरच्या पलीकडच्या शाळेत बदली झाल्यापासून मी रोज सकाळी कामशेतहून पप्पूच्या जीपने जाते. जीप भरल्याशिवाय सुटत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. पुढे पप्पूच्या शेजारी दोघं, मधल्या बाकावर चौघं, मागे समोरासमोर चौघं. मागचे चार बचावफळी, मधले चार मधली फळी, पुढचे दोघं आघाडी आणि पप्पू गोलकीपर, हा शोध आमच्या आकाशने लावला. (बदली खेळाडू मागच्या पायरीवर लोंबकळतात.) आकाश पवनेच्या काठावर तंबूंच्या कॅम्पवर कामाला आहे, बाराही महिने कुठल्याशा परदेशी संघाची जर्सी घालतो आणि त्या संघाच्या प्रशिक्षकाचा उल्लेख आपल्या चुलत्याचा करावा तसा करतो. मधल्या बाकावर माझ्या डाव्या हाताला झुंबरबाई असतात, गावोगाव सुकट-बोंबील विकतात. त्यांची पाटी पायाशी असते, म्हणून आमच्या मधल्या फळीच्या जवळ सहसा कोणी येत नाही. माझ्या उजव्या हाताला, खिडकीत, बजरंग आबा. पहाटे कामशेतला दूध घालायचं आणि रिकामे कॅन घेऊन परतायचं, हा त्यांचा दिनक्रम. खिडकीची जागा त्यांची. एकदा एक मोठे साहेब चुकून तिथे बसले तर आबांनी त्यांच्या मांडीवर कॅन ठेवला आणि बाहेर बघत राहिले.

मामा, या जीपने मला माणसांत आणलं. नव्या शाळेत पहिले काही महिने मी कोणाशी धड बोलत नव्हते. वर्गात तुमचंच वाक्य धरून बसले होते. जे मूल हात वर करत नाही त्याच्याकडे आधी बघायचं, आणि त्यावर माझी वीस वर्षं नोकरी नीट चाललेली आहे. पण वर्ग सुटल्यावर माझ्याकडे बघणारं कोणी नव्हतं. मग एका सोमवारी जीपमध्ये आदल्या दिवशीच्या सामन्यावरून वाद चालला होता आणि माझ्या तोंडून निघून गेलं की गोल बचावफळीने नाही घालवला, मधल्या फळीतला डावीकडचा परत आलाच नाही म्हणून गेला. आबा म्हणाले, “बाई, तुमी बगितलं व्हय त्याला?” त्या दिवसापासून मी संघात आहे.

वाद कशाचा ते सांगते. भातं निघाली की इकडे खाचरांत गावोगावचे सामने होतात. बांध हीच बाजूची रेघ, आणि प्रेक्षकही बांधावरच. आमच्या पवनेकडच्या संघात महिपती म्हणून मधल्या फळीतला खेळाडू आहे. चाळिशी ओलांडली, पोट आलं, आणि आठवडी बाजारात वांगी निवडत उभं राहावं तसा तो मैदानाच्या मधोमध उभा असतो. साखळीतला मागचा सामना आम्ही तळेगावकडच्या पोरांशी कसाबसा बरोबरीत सोडवला, आणि आता अंतिम सामना आहे. महिपतीला खेळवायचं की बसवायचं? (संघ निवडायचा अधिकार आम्हाला कोणी दिलेला नाही. पण तो आम्ही पूर्ण वापरतो.) आकाश म्हणतो, आजचा खेळ प्रेसिंगचा आहे, समोरच्याकडे चेंडू गेला की तिघांनी त्याच्यावर धावून जायचं, महिपतीला हे जमणार नाही. झुंबरबाई रोज एकदा ठरल्यासारखं म्हणतात, “म्हैपतीचं सरलं आता.” आणि आबा रोज खिडकीतून तोंड न वळवता उत्तर देतात, “तुजं बोंबील सरलं का? मग त्याचं कसं सरंल?” हे झालं की आम्ही बेडशापर्यंत पोचलेलो असतो.

गेल्या शुक्रवारी नेमकी बेडसे फाट्यावर जीप पंक्चर झाली. पप्पू स्टेपनी काढायला लागला आणि आम्ही सगळे खाली उतरलो. शेजारीच कापलेलं खाचर. आकाशला राहवेना. प्रेसिंग म्हणजे काय ते करूनच दाखवतो म्हणाला. आबांचे दोन कॅन गोलपोस्ट झाले. कॅम्पच्या रात्रीच्या भाजीसाठी त्याने पोतंभर कोबी घेतला होता, त्यातला एक गड्डा चेंडू झाला. महिपती म्हणून आबांना मधे उभं केलं. मी डावी बचावपटू. (हसू नका. साडी खोचली होती.) आकाश, झुंबरबाई आणि मागच्या बाकावरचे दोघं आबांच्या अंगावर धावून गेले. आबा जागचे हलले नाहीत. बघितलं माझ्याकडे आणि कोबी दिला उजवीकडे, जिथे कोणीच नव्हतं. अगदी बरोबर दिला होता, फक्त तिथं आपलं माणूस पाहिजे होतं. गड्डा धसकटांतून उड्या मारत खालच्या खाचरात गेला आणि तिथे चरत असलेल्या म्हशीने तो खाल्ला.

मग जे भांडण लागलं ते तुम्ही ऐकायला हवं होतं. आकाश म्हणे, चेंडू मैदानाबाहेर गेला, म्हणजे प्रेसिंग यशस्वी. झुंबरबाई म्हणे, म्हैस कुणाच्या बाजूची ते आधी ठरवा. मी म्हणत होते की पास उत्तम होता, धावणारा कमी पडला. तेवढ्यात पप्पूने हॉर्न दिला, आम्ही भांडतच चढलो, भांडतच निघालो. माझ्या उजव्या हाताला जागा मोकळी वाटली म्हणून मी पर्स तिथे ठेवली. हे मी तुम्हाला शांतपणे सांगते आहे, पण जरा विचार करा. एक माणूस कमी असला तर अर्धा अर्धा तास न हलणारी पप्पूची जीप त्या दिवशी एक जागा रिकामी घेऊन सुटली, आणि आम्हा कोणालाच ते कळलं नाही. आमच्यातला प्रत्येक जण कोबीचाच विचार करत होता.

काले गावाच्या अलीकडे झुंबरबाई म्हणाल्या, “तरीबी म्हैपतीचं सरलंच.” आणि उत्तर आलं नाही. झुंबरबाई थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, जरा हळू. तरी नाही. त्यांनी माझ्या पलीकडे वाकून बघितलं, पर्सकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाल्या, “म्हातारं कुटं हाय?”

पप्पूने जीप वळवली. पायरीवरच्यांनाही उतरायचं सुचलं नाही. परतीच्या वाटेवर मला सारखं रेल्वे मैदान दिसत होतं. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्याकडे बघ. वीस वर्षं वर्गात बघितलं, मामा, आणि कोपराला कोपर लागेल इतक्या जवळचा माणूस मला दिसला नाही.

आबा फाट्यावर, लेण्यांच्या पाटीखाली, एक कॅन उलटा घालून त्यावर बसले होते. दुसरा शेजारी. गोलपोस्ट गोळा करायला ते वळले होते आणि आम्ही निघून गेलो होतो. चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळे आम्हाला जास्तच लागलं. पप्पूने माफी मागितली. आकाशने कॅन उचलले. आबा म्हणाले, “खेळाडू बदलायचा झाला तर आदी पाटी दावत्यात. नंबर लिवल्याली. तुमी पाटीबी न्हाई दावली.” झुंबरबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्यांना वाशाट हातांनी धरून जीपपर्यंत आणलं. आबांनी तेवढ्यात पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीत बसले. महिपतीला बसवायचा विषय त्यानंतर जीपमध्ये निघालेला नाही. तो खेळणार. संघालाही कळवलं आहे. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण.

आता खरी गोष्ट. उरलेल्या वाटेत आबांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, तुमचा पास बघून मला माझ्या मामांची आठवण झाली, लोणावळ्याला रेल्वेकडून खेळायचे, हनुमंत म्हणून. आबांनी त्या दिवशी पहिल्यांदा खिडकीतून तोंड वळवलं. “डावखुरा हनुमंत? त्यो तुजा मामा व्हय?” म्हणाले. “काय पास द्यायचा. बगायचा हिकडं, चेंडू जायचा तिकडं.” मला इतकं भरून आलं की काय सांगू. मग ते म्हणाले, “त्याला सांग, आमच्या कामशेतच्या पोरांवर त्यानं शेवटाला मारल्याला गोल ऑफसाइड व्हता. चेंडू सुटायच्या आदीच आमच्या बॅकच्या म्होरं जाऊन हुबा व्हता. मी बांधावरनं बगितलं.”

मी तुमची बाजू घेतली, मामा. म्हटलं, आमचे मामा असं करणार नाहीत. म्हटलं, आता त्यांना नीट दिसत नाही, घराबाहेर पडत नाहीत, त्यांना हे कळवून दुखवायला नको. त्यावर आबा म्हणाले (त्यांचेच शब्द देते, मला क्षमा करा), “तवाबी कुटं दिसत व्हतं त्याला? पंचाचा झेंडा दिसला न्हाई.” जीप हसली. मी एकटी हसले नाही. फार थोडी हसले.

तेव्हा तुमच्या नावावर एवढा जुना आरोप आहे आणि रोज सकाळी कामशेत ते पवनानगर त्याची चर्चा चालू आहे, एवढं तुम्हाला माहीत असावं. बाकी काही नाही. राजेंद्रला आणि पायलला आशीर्वाद. तुमचे आभार आहेतच, वरच्या वाक्यासाठी, आणि आईला खोटं सांगून मला मैदानावर नेल्याबद्दल.

तुमची भाची,
ज्योत्स्ना

ता. क. पायल, हे मोठ्याने वाचू नकोस. अंतिम सामना येत्या रविवारी सकाळी आहे, आबांच्याच खाचरात. राजेंद्रने मामांना गाडीवरून कामशेतपर्यंत सोडलं तरी पुरे, पुढचं पप्पूकडे. आबा त्यांना खिडकीची जागा द्यायला तयार आहेत. ही गोष्ट किती मोठी आहे ते तुला साहेबांच्या मांडीवरून कळलं असेल. (तू हे मोठ्याने वाचलंसच. तुझ्यात कपट नाही, पायल, आणि मी त्यावरच विसंबून होते.)

ता. क. दुसरा. मामा, “बघून काय करू, दिसत नाही” हे तुम्ही म्हणायच्या आधीच सांगते. मधलं दिसत नाही आणि कडेचं दिसतं, असं डॉक्टर म्हणालेत. म्हणजे चेंडू तेवढा दिसणार नाही. बाकीचे एकवीस जण दिसतील.

ता. क. तिसरा. तुम्ही नाही म्हणणार हे गृहीत धरून मागते. रविवारी बांधावर माझ्या शेजारी बसा. बाकीच्यांकडे तुम्ही बघा, आणि एक दिवस मला चेंडूकडे बघू द्या.